लहान उघड्या होडीला स्वस्तातलं छप्पर: उभारण्याआधी पाडायचं कसं ते ठरवा

प्रश्न असा आहे: १६ फुटी फायबरची उघडी होडी, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड मशीन, सिंधुदुर्गातल्या कर्लीच्या खाडीत जवळजवळ रोजची ये-जा. होडीत घरातली वयस्क माणसं आणि मुलं असतात. ऑक्टोबर ते मे या दिवसांतलं ऊन आणि मध्येच गाठणारा पाऊस यांपासून आडोसा हवा आहे. स्टेनलेस स्टीलचं तयार छप्पर परवडणारं नाही. घरच्या घरी, कमी पैशांत काय करता येईल?

करता येईल, आणि चांगलं करता येईल. मी देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात फायबरच्या होड्या दुरुस्त करतो आणि वीसेक वर्षं छपरंही बसवत आलो आहे. पण पाईप कुठला आणि कापड कुठलं हे सांगण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच ठरतं.

मी बसवलेलं पहिलं छप्पर मामांच्या होडीवरचं. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपचा सांगाडा, वर निळी ताडपत्री, दोन्ही बाजूंना काठापर्यंत पडदे. नायलॉनच्या सुतळीनं चौदा ठिकाणी निरगाठी मारल्या होत्या. मजबूत म्हणजे चांगलं, अशी तेव्हा माझी समजूत होती. एप्रिलातल्या एका दुपारी देवबागच्या संगमाजवळ, खाडी समुद्राला मिळते तिथे होतो. ओहोटीचं पाणी बाहेर पडत होतं, खारा वारा समोरून आत येत होता आणि त्या दोघांच्या झगड्यात लाटा उभ्या राहत होत्या. मामांनी होडी वळवायला घेतली आणि त्याच क्षणी वाऱ्याचा एक झोत आडव्या पडद्यावर बसला. होडी कलली ती परत उठेचना. खालच्या काठावरून पाणी आत यायला लागलं. दोन लहान मुलं पडद्याला टेकून बसली होती, त्यांना बाहेर पडायला वाट नव्हती. मी गाठी सोडायला लागलो, एकही सुटेना. मामा ओरडले, "काप दोरी, झिला, आधी काप!" त्यांच्या कोयतीनं पडदा उभा फाडला तेव्हा वारा आरपार गेला आणि होडी सरळ झाली. कुणाला काही झालं नाही. पण त्यानंतर एकाच माणसाला, बसल्या जागेवरून, अर्ध्या मिनिटात उतरवता येणार नाही असं एकही छप्पर मी कुणाच्या होडीवर चढवलेलं नाही.

छप्पर म्हणजे होडीवर कायम उभं असलेलं शीड. शीड वाऱ्यात उतरवता येतं, म्हणून ते चालतं. छपरालाही तोच नियम लावायचा.

आता वाऱ्याचा हिशेब. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गात वाढतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण ६ किलोचा रेटा देतो, ५४ चा वारा १४ किलोचा, ७२ चा २५ किलोचा. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. तुमच्या होडीवर २.१ मीटर लांब आणि ७० सेंटिमीटर उंच पडदा लावला तर तो जवळजवळ दीड चौरस मीटर होतो. ५४ च्या झोतात त्यावर वीस किलोहून जास्त रेटा येणार, आणि तो काठाच्या वर, होडी उलटवायला सर्वांत सोयीच्या जागी. त्यातच सगळी माणसं एका बाजूला सरकली असतील तर पुढचं सांगायला नको. हेही विसरू नका की समोरून ताशी २८ किलोमीटरचा वारा असताना तुम्ही ताशी २८ नं होडी हाकलीत, तर छपराला ५६ चा वारा लागतो. तो छपराला वर उचलतो. म्हणूनच छप्पर वजनानं खाली बसेल या भरवशावर राहायचं नाही, आणि ते उंचही करायचं नाही.

उंची किती? बसलेल्या माणसापुरती. बाकाच्या फळीपासून डोक्यापर्यंत मोठ्या माणसाला ९० सेंटिमीटर लागतात. अशा होड्यांत फळी काठाच्या वीसेक सेंटिमीटर खाली असते. म्हणजे काठापासून मधला कणा ८५ सेंटिमीटरवर आणि बाजूच्या कडा ७० वर ठेवल्या की आरामात बसता येतं. उभं राहता येईल असं छप्पर मागणारे पुष्कळ भेटतात. १६ फुटी होडीत चालू मशीनवर उभं राहायचंच नसतं, त्यामुळे ती उंची फुकट जाते आणि वाऱ्याला आयती मिळते.

लांबी २.१ मीटर पुरे. पुढे नाळेकडची चारेक फूट जागा मोकळी हवी. नांगर तिथून टाकायचा असतो, दोरी तिथून धक्क्यावर फेकायची असते, आणि पुढचं पाणी दिसायचं असतं. मागे मशीनचा दांडा धरणारा माणूस छपराबाहेर बसला पाहिजे. त्याला ऊन लागेल, हो. त्याला रुंद काठाची टोपी द्या. छपराखाली वाकून होडी चालवणाऱ्याला बाजूनं येणारी दुसरी होडी दिसत नाही.

सांगाड्यासाठी तीन कमानी आणि त्यांना जोडणाऱ्या तीन आडव्या दांड्या लागतात, मिळून सव्वापंधरा मीटर पाईप. २५ मिलिमीटर जाडीचा, दीड मिलिमीटर पत्र्याचा ॲल्युमिनियम पाईप घेतलात तर हे सगळं साडेचार-पाच किलोत बसतं. तेवढंच स्टेनलेसमध्ये तेरा किलोच्या आसपास जातं आणि पाऊण इंची जीआयमध्ये चोवीस किलो. जीआय स्वस्त दिसतो, पण चोवीस किलो डोक्याच्या उंचीवर ठेवायचे आणि दोन हंगामांत सांध्यांतून गंजाचे ओघळ पांढऱ्या फायबरवर पाहायचे, त्यापेक्षा ॲल्युमिनियम घ्या. तुमच्या कामाला तेच बरोबर आहे.

वायरिंगचा पीव्हीसी पाईप वापरू का, असं हमखास विचारतात. कायमचा नको. उन्हानं तो ठिसूळ होतो आणि मोडतो तेव्हा टोकदार मोडतो. पण नमुन्यासाठी तो फार कामाचा. आधी पीव्हीसीचा सांगाडा सुतळीनं बांधा, वर जुनी चादर टाका आणि घरातल्या सगळ्यांना होडीत बसवा. मशीनचा दांडा दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. नांगर टाकून बघा. आजीला चढायला-उतरायला सांगा. कुठली कमान आड येते ते लगेच कळतं आणि चुकीचं माप दोन पाईपांत भागतं. मग तीच मापं ॲल्युमिनियमवर घ्या.

ॲल्युमिनियमला बाक देताना पाईपात कोरडी बारीक वाळू ठासून भरा आणि दोन्ही टोकांना लाकडी गुट्ट्या मारा. कोपरा आवळायचा नाही, वीतभर त्रिज्येची गोलाई ठेवायची. घाई केली तर बाकाच्या आतल्या बाजूला पाईप चेपतो आणि पुढे तिथेच मोडतो. बारा फुटी पाईपात एक कमान निघते आणि थोडा तुकडाही उरतो. कमानीचा माथा सपाट ठेवू नका, मध्यभागी तो पंधरा सेंटिमीटरचा चढ हवाच. सपाट छपरावर पाणी साचतं. एका चौरस मीटरवर ५ सेंटिमीटर पाण्याचं तळं म्हणजे ५० किलो. एक माणूस छपरावर झोपल्यासारखं होतं, आणि होडी कलली की तो माणूस खालच्या बाजूला सरकतो.

दांड्या कमानींना जोडायला भोकं पाडू नका, बोल्टही नको. खाऱ्या हवेत स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियमला चिकटून राहिला की त्या जागी ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं. मांडववाले बांबू जसे आडवे-उभे बांधतात तशी बांधणी करा. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ताणून गुंडाळली तर सांधा घट्ट बसतो आणि थोडा लवचीकही राहतो. दर वर्षी हंगामाच्या सुरुवातीला पट्ट्या बदला. कुठे बोल्ट टाळता आलाच नाही तर मध्ये नायलॉनचा वॉशर घाला.

कमानींचे पाय होडीत कसे बसवायचे हा सगळ्यात महत्त्वाचा सांधा, आणि पैसे वाचवताना माणसं नेमकी इथेच चुकतात. काठावर स्क्रू मारून पट्टी बसवली की काही दिवसांनी भोकं सैल होतात, पाणी फायबरच्या थरांत शिरतं. त्याऐवजी काठाच्या आतल्या बाजूला नळ्या बसवा. पाईप सहज आत जाईल अशा पीव्हीसीचे १५ सेंटिमीटरचे सहा तुकडे घ्या आणि ते जाड काचपेपरनं घासा. होडीचा आतला भागही जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) निघून फायबर दिसेपर्यंत घासून कोरडा करा. मग मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिनचे निदान तीन थर तुकड्याभोवती पूर्ण गुंडाळून होडीच्या अंगावर दोन्हीकडे हातभर पसरवा. रेझिन पीव्हीसीला नुसतं चिकटून राहत नाही. म्हणून त्याला चारी बाजूंनी वेढायचं. पुढे भार पेलतं ते वरचं फायबरच. नळीला तळाशी पाणी निघून जायला छिद्र ठेवा. होडीच्या बंद हवेच्या कप्प्यांना मात्र भोक पाडायचं नाही. होडी भरली तर तुम्हाला तरंगतं ठेवणारे तेच कप्पे.

रेझिनचं काम पहिल्यांदा करत असाल तर एक इशारा. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) आणि कोबाल्ट (ते काम लवकर घडवणारं) एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर, किलोला १० ते २० मिली. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. हात बसलेला नसेल तर एवढं काम जवळच्या फायबरवाल्याकडून करून घ्या, ते खर्चाला फार नाही.

आणखी एक भार हिशेबात धरा. होडीत चढणारा माणूस सवयीनं कमान धरून स्वतःला ओढतो. वाऱ्यापेक्षा जास्त कमानी याच ओढीनं वाकलेल्या मी पाहिल्या आहेत. धरू नका म्हणून सांगितलं तरी तोल जाताना हात तिकडेच जातो. तेव्हा चढायच्या जागी काठालाच जाड दोरीची पकड करून द्या, आणि पुढच्या-मागच्या कमानींना तिरके ताण द्या.

कापडाचं माझं मत जरा वेगळं आहे. एकाच सांगाड्यासाठी दोन कापडं करा. आठ महिन्यांच्या हंगामात तुमचा खरा त्रास उन्हाचा आहे, पावसाचा फार थोडे दिवस. उन्हासाठी आंब्याच्या रोपवाटिकेत लावतात ती ७५ टक्क्यांची शेडनेट घ्या. तिच्यातून वारा जातो, म्हणून ती कमी उचलते, पाणी साचत नाही आणि खाली घुसमट होत नाही. निळ्या ताडपत्रीखाली मे महिन्यात बसून बघा, मग फरक कळेल. दुसरं कापड पावसासाठी: ट्रकवर घालतात ते पीव्हीसी लेपाचं पॉलिस्टर. कडांच्या दुमडीसह साडेचार-पाच चौरस मीटर लागेल, म्हणजे ६०० जीएसएमचं (चौरस मीटरला ६०० ग्रॅम) घेतलं तरी तीन किलोच्या आत. साधी एचडीपीई ताडपत्री एक हंगाम जाते, दुसऱ्यात तिचे तुकडे सुटून पाण्यात पडतात. ते मला पटत नाही. रंग निळा किंवा हिरवा घेऊ नका. होडी बंद पडली तर शोधणाऱ्याला लांबून दिसलं पाहिजे, म्हणून नारिंगी नाहीतर पिवळा.

शिवणीला पॉलिस्टरचा दोरा, सुती नको. कडा दुहेरी दुमडून आत नवारीची पट्टी घाला आणि मगच आयलेट मारा. नुसत्या कापडात मारलेलं आयलेट पहिल्या झोतात भोकासकट निघतं. आयलेट पितळी. सुयांच्या छिद्रांवरून आतून मेणबत्ती घासली की गळती बरीच थांबते.

आता बांधणी, म्हणजे मघाच्या अर्ध्या मिनिटाची गोष्ट. कापडाची पुढची कड पहिल्या कमानीला नेफ्यातून कायमची ओवा. मधल्या कमानीला कापड बांधायचंच नाही, ते तिच्यावरून नुसतं गेलं पाहिजे. मागची कड शेवटच्या कमानीला दोन पट्ट्यांनी, सुरगाठीत. पुढची कड पक्की आणि मागची सुटी, असंच का? मागून सोडलेलं कापड समोरच्या वाऱ्यानं उडालं तरी ते सांगाड्यावरच पसरतं आणि शेवटच्या कमानीपलीकडे पोहोचत नाही. उलट केलंत, मागे पक्कं आणि पुढे सुटं, तर तेच कापड उडून मशीनवाल्याच्या तोंडावर येतं आणि तिथून मशीनच्या पाण्यातल्या पंख्यात जातं.

बाजूच्या कडांना दर फुटावर एक आयलेट आणि त्याला दोरीचा एक फासा. पहिला फासा दांडीखालून घ्या आणि त्यात दुसरा ओवा, दुसऱ्यात तिसरा, असं शेवटपर्यंत. शेवटचा तेवढा सुरगाठीनं बांधा, मशीनवाल्याच्या हाताशी. तांदळाच्या गोणीचं तोंड योग्य सूत ओढलं की सर्रकन उसवतं, अगदी तसंच: शेवटची गाठ ओढली की अख्खी बाजू सुटते. दोन बाजू, मागच्या दोन पट्ट्या, चार ओढी. कापड नाळेकडे गुंडाळा, झालं. सांगाडा उभाच राहिला तरी हरकत नाही, नुसत्या पाईपांना वारा फार धरत नाही. आणि तरीही मशीनजवळ एक धारदार सुरी दोरीनं बांधून ठेवा.

पडद्यांबद्दल पुष्कळजण आग्रह धरतील, पाहुणे तर नक्कीच. माझं उत्तर नाही असंच आहे. एकतर मघाचा वाऱ्याचा हिशेब. दुसरं त्याहून गंभीर. लाईफ जॅकेट घातलेला माणूस बंद छपराखाली असताना होडी उलटली, तर जॅकेट त्याला वर, म्हणजे उलट्या होडीच्या पोटाशी दाबून धरतं. बाहेर यायला त्याला आधी खाली बुडावं लागतं, आणि जॅकेट ते होऊ देत नाही. बाजू मोकळ्या असल्या तर काठाखालून निसटायला निदान वाट असते. तिसरं, पुढून-बाजूनं बंद आणि मागून उघडी अशी होडी चालताना मागची हवा आत ओढते, आणि तिच्याबरोबर मशीनचा धूर. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मुलं पेंगुळली की आपल्याला वाटतं झोप आली. आडव्या पावसासाठी प्रत्येकाला चांगला रेनकोट घ्या, पडद्यांच्या खर्चात तो होतो. फारच वाटलं तर फक्त वाऱ्याच्या बाजूला, वेल्क्रोवर, हातानं ओढताच निघेल असा वीत-दोन वीत लोंबता पट्टा लावा.

थोडक्यात राहिलेलं. रात्री फिरत असाल तर पांढरा दिवा छपराच्या वर, चहूबाजूंनी दिसेल असा काठीवर घ्या. छपरावर सामान, जाळी, मुलं काहीही ठेवायचं नाही. होडी नांगरावर ठेवून घरी जाताना कापड काढून न्या. नाहीतर ती रात्रभर वाऱ्यावर झुलते आणि नांगराची दोरी काठाला घासून तुटते. कापड गोड्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवूनच घडी घाला. मे महिन्याच्या दुपारी पूर्वेकडे काळं दिसू लागलं की वळीव येण्याची वाट न बघता छप्पर उतरवा आणि किनारा गाठा. पावसाळ्यात सांगाडा घरात. आणि पैसे घेऊन प्रवासी नेत असाल तर होडीत हा बदल करण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या सर्वेक्षकाला दाखवा, तिथे मी सांगतो ते पुरेसं नाही.

सगळं बसवून झालं की लगेच खाडीत जाऊ नका. भरतीच्या वेळी गुडघाभर पाण्यात होडी उभी करा, घरातली सगळी माणसं जॅकेट घालून आत बसवा आणि घड्याळ लावून छप्पर पाडा. आधी तुम्ही पाडा. मग, तुम्ही पाण्यात पडला आहात असं समजून, घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला पाडायला सांगा. तीस सेकंदांच्या वर गेलं तर फासे कुठे अडकले ते बघा. बहुधा दोरी जाड झालेली असते किंवा दुसऱ्या-तिसऱ्या आयलेटची कड घासत असते. ते नीट करा, आणि दोघांचंही तीस सेकंदांत येईपर्यंत होडी तिथेच राहू द्या.